जुन्या मुंबईची पुनर्बांधणी : सव्वाशे वर्षांच्या प्रयत्नांचा आढावा

गिरगाव, भुलेश्वर, काळबादेवी, मांडवी, डोंगरी, भेंडी बाजार, नागपाडा, कामाठीपुरा, लालबाग, परळ ही मुंबईच्या अंतर्भागातील वस्त्यांची नावे महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतही परिचित आहेत. कोकणातील आणि घाटावरील असंख्य कुटुंबांचा कोणी ना कोणी या वस्त्यांतील चाळींत राहून गेला आहे. या वस्त्यांतील हजारो इमारतींनी आज पाऊणशे ते शंभर वर्षांचे आयुष्य ओलांडले असून, त्यांची पुनर्बांधणी हा राज्यापुढील नगरविकासाचा एक कठीण प्रश्न आहे. तो केवळ विटा, सिमेंट आणि मजले यांचा प्रश्न नव्हे. जुन्या घराची दुरुस्ती कोणी करावयाची, तिचा खर्च कोणी सोसावयाचा आणि घर पाडल्यावर तेथील माणसाने कोठे जावयाचे, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधण्याचा प्रयत्न गेली सव्वाशे वर्षे चालू आहे. त्या प्रयत्नांतून काय साधले व काय राहून गेले, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

दाट वस्तीची घडण

मुंबई बेट हे सुमारे ६८ चौरस किलोमीटरांचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंदर, रेल्वे आणि कापडगिरण्या यांच्यामुळे येथे कामगारांचा ओघ सुरू झाला. १८७२ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ६,४४,४०५ होती. १८९१ मध्ये ती ८,२१,७६४ झाली. कामाच्या जागेपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर राहणे कामगाराला भाग होते. त्यामुळे गिरण्या, गोदी आणि बाजारपेठा यांच्या आसपास चाळी उभ्या राहिल्या. लांब सज्जा, त्याला लागून एकेक खोली आणि मजल्याच्या टोकाला सामाईक नळ व संडास, अशी चाळीची सर्वसाधारण रचना असे.

गावाकडून एकटा आलेला माणूस आपल्याच गावच्या मंडळींच्या आश्रयाला येई. एकेका गावच्या लोकांनी मिळून खोली भाड्याने घ्यावी, वर्गणी काढून भाडे द्यावे आणि पाळीपाळीने झोपावे, ही पद्धत त्यातूनच रूढ झाली. गोव्यातून आलेल्या खलाशांचे व नोकरदारांचे ‘कूड’ म्हणून ओळखले जाणारे गावनिहाय निवास धोबीतलाव, माझगाव या भागांत याच गरजेतून निर्माण झाले. या दाटीतूनच एक सामाजिक जीवन घडत गेले. गिरगावातील केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून चालत आलेला सार्वजनिक गणेशोत्सव हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय.

प्लेग आणि इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मांडवी भागात प्लेगचे रुग्ण आढळले. मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा रोग प्रथम ओळखला. अंधाऱ्या, कोंदट घरांत रोग झपाट्याने पसरला. हजारो लोक दगावले आणि लाखो लोक शहर सोडून गेले. १९०१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ७,७६,००६ पर्यंत खाली आली.

या आपत्तीनंतर १८९८ मध्ये कायद्याने बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना करण्यात आली. गलिच्छ वस्त्या हटवणे, समुद्राकडील वारा वस्तीत खेळेल असे रुंद रस्ते काढणे आणि नवी निवासी क्षेत्रे तयार करणे ही ट्रस्टची प्रमुख कामे होती. ट्रस्टची पहिली योजना नागपाड्यात राबविण्यात आली. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते जुन्या वस्त्या कापून काढण्यात आले. दादर व माटुंगा येथील आखीव वसाहती हीही ट्रस्टचीच देणगी होय. कामगारांसाठी ट्रस्टने बांधलेल्या चाळी ‘बी.आय.टी. चाळी’ म्हणून आजही ओळखल्या जातात. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे अनेक वर्षे वास्तव्य होते.

ट्रस्टच्या कामातील उणीवही लक्षात घेतली पाहिजे. ज्यांची घरे पाडली गेली त्या सर्वांना नव्या चाळींत जागा मिळाली नाही. विस्थापित कुटुंबे कामाच्या जागेपासून दूर जाऊ शकत नव्हती, म्हणून ती शेजारच्याच गल्लीत दाटीने राहू लागली. एका गल्लीतील गर्दी हटली, तरी दुसऱ्या गल्लीत ती वाढली. पर्यायी घराची तरतूद झाल्याशिवाय घर पाडू नये, हा पुनर्विकासाचा पहिला धडा मुंबईने अशा रीतीने विसाव्या शतकाच्या प्रारंभीच घेतला. १९३३ मध्ये ट्रस्टचे काम महानगरपालिकेकडे सोपविण्यात आले.

बी.डी.डी. चाळी

पहिल्या महायुद्धानंतर घरांची टंचाई तीव्र झाली. गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचा मूळ संकल्प होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी व सोळा हजारांहून अधिक खोल्या बांधून झाल्या. सिमेंट काँक्रीटच्या या तीन मजली चाळींत प्रत्येक मजल्यावर वीस आणि एकंदर ऐंशी खोल्या. खोलीचे क्षेत्रफळ सुमारे १६० चौरस फूट.

सुरुवातीच्या काळात या खोल्यांपैकी कितीतरी रिकाम्या राहिल्या. कामगाराच्या मिळकतीच्या मानाने भाडे जास्त होते. शिवाय वरळीसारखी ठिकाणे त्या वेळी कामापासून आणि बाजारापासून दूर वाटत. घरांची टंचाई असतानाही घरे रिकामी राहावीत, हा विरोधाभास बोलका आहे. राहणाऱ्याची मिळकत आणि त्याच्या कामाची जागा यांचा विचार न करता बांधलेले घर त्याच्या उपयोगी पडत नाही, हा दुसरा धडा होय.

गोठलेले भाडे

घरटंचाईचा फायदा घेऊन भाडे वाढवले जाऊ नये म्हणून १९१८ मध्येच भाड्यांवर निर्बंध घालण्यात आले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते सर्वसाधारणपणे ‘प्रमाण भाडे’ मानण्यात आले. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांच्या आणि सामान्य भाडेकरूंच्या दृष्टीने हे संरक्षण अत्यावश्यक होते. या कायद्याच्या आधारामुळेच लाखो कुटुंबे शहराच्या मध्यभागी टिकून राहू शकली.

परंतु काळाच्या ओघात या संरक्षणाची दुसरी बाजू दिसू लागली. भाडे जागच्या जागी राहिले. चुना, लाकूड, लोखंड आणि मजुरी यांचे दर मात्र अनेक पटींनी वाढले. मिळणाऱ्या भाड्यातून छपराची गळती थांबवणेही घरमालकाला परवडेना. घर आपल्या मालकीचे नसल्यामुळे भाडेकरूही मोठा खर्च करण्यास कचरू लागले. जागेचा ताबा देताना घेतली जाणारी ‘पागडी’ हीच जागेची खरी किंमत ठरू लागली. पण त्या रकमेतला एक पैसाही इमारतीच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवला जात नसे. समुद्राची खारी हवा आणि दरवर्षीचा मुसळधार पाऊस यांच्यामुळे लाकडी तुळया कुजू लागल्या आणि पावसाळ्यात घरे कोसळण्याच्या घटना वाढल्या.

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात, गोठलेल्या प्रमाण भाड्याच्या तरतुदी कालांतराने अवाजवी झाल्या असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्यात भाड्यात वर्षाला चार टक्के वाढीची तरतूद झाली व पागडीच्या व्यवहाराला कायद्याची मान्यता मिळाली. तथापि, मूळ भाडेच अत्यल्प असल्यामुळे एवढ्या वाढीतून जुन्या इमारतीचा जीर्णोद्धार होणे शक्य नव्हते.

दुरुस्ती मंडळ आणि उपकर

दुरुस्तीचा भार कोणी घ्यावा, या प्रश्नाला १९६९ च्या कायद्याने एक नवे उत्तर दिले. मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापन करून शासनाने ही जबाबदारी सामाईक केली. बेटावरील जुन्या, भाड्याच्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसवावा, त्यात शासनाने व महानगरपालिकेने आपला वाटा घालावा आणि त्या निधीतून मंडळाने धोकादायक इमारतींची दुरुस्ती करावी, अशी ही योजना होती. इमारतींचे तीन वर्ग करण्यात आले. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती ‘अ’ वर्गात, त्यानंतर १९५० अखेरपर्यंतच्या ‘ब’ वर्गात आणि १९५१ ते ३० सप्टेंबर १९६९ या काळातील ‘क’ वर्गात मोडतात. प्रारंभी अशा उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९,६४२ होती. त्यांपैकी फार मोठा भाग ‘अ’ वर्गातील होता. १९७७ मध्ये महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण अर्थात ‘म्हाडा’ अस्तित्वात आल्यावर हे मंडळ त्याचा भाग झाले.

या योजनेमुळे हजारो इमारतींचे आयुष्य वाढले. ज्या इमारती दुरुस्तीपलीकडे गेल्या होत्या त्यांच्या जागी मंडळाने नव्या इमारती बांधल्या. १९८५ मध्ये पंतप्रधानांनी मुंबईसाठी जाहीर केलेल्या १०० कोटी रुपयांच्या अनुदानातूनही बेटावर ६६ इमारतींची पुनर्रचना झाली. मात्र, दर चौरस मीटरला किती खर्च करावयाचा यावर मर्यादा होती. शंभर वर्षांच्या घराला टेकू देता आला, तरी त्याला नवे आयुष्य देणे त्या रकमेत शक्य नव्हते. घर कोसळल्यावर किंवा रिकामे केल्यावर रहिवाशांना सायन, मानखुर्द, गोरेगाव अशा ठिकाणच्या संक्रमण शिबिरांत हलविण्यात येई. अरुंद भूखंड, रस्तारुंदी आणि न्यायालयीन वाद यांच्यामुळे कित्येक जागी पुन्हा इमारत उभी राहू शकली नाही आणि तात्पुरत्या निवासासाठी गेलेली कुटुंबे दोन-दोन पिढ्या शिबिरातच राहिली. अशा कुटुंबांसाठी म्हाडाला ‘बृहत्सूची’ ठेवून अन्यत्र उपलब्ध होणाऱ्या गाळ्यांतून त्यांना जागा देण्याची व्यवस्था करावी लागली.

१९८६ मध्ये म्हाडा कायद्यात ‘आठ-अ’ हे प्रकरण घालण्यात आले. सत्तर टक्के भाडेकरूंनी सहकारी संस्था स्थापून मागणी केल्यास, मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम मोबदला देऊन इमारत संपादन करण्याची ही तरतूद होती. घरमालकांनी तिला न्यायालयात आव्हान दिले. त्यातून उद्भवलेल्या घटनात्मक प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी निर्णय दिला. प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची ‘भौतिक साधनसंपत्ती’ मानता येणार नाही, असे बहुमताने ठरले.

चटई क्षेत्राचा मार्ग

सार्वजनिक निधी अपुरा पडतो, हे स्पष्ट झाल्यावर १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ३३(७) हा नियम आला आणि १९९९ मध्ये तो अधिक व्यापक करण्यात आला. त्यामागील कल्पना समजण्यास सोपी आहे. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, हे दर्शविणारा आकडा म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक. जुन्या इमारतीच्या जागी वाढीव निर्देशांक द्यावयाचा, मूळ भाडेकरूंना मालकी हक्काने विनामूल्य घर द्यावयाचे आणि उरलेल्या जागेच्या विक्रीतून सर्व खर्च भागवावयाचा, असा हा मार्ग आहे. २०१८ मध्ये अमलात आलेल्या विकास नियंत्रण नियमावली २०३४ नुसार भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्राचे घर मिळते, आणि निर्देशांक तीन, किंवा जुन्या रहिवाशांसाठी लागणारे क्षेत्र अधिक प्रोत्साहनपर क्षेत्र, यांपैकी जे जास्त असेल ते लागू होते. योजनेसाठी पूर्वी सत्तर टक्के भाडेकरूंची संमती लागे. ती अट एक्कावन्न टक्क्यांवर आणण्यात आली.

एका काल्पनिक उदाहरणाने हा हिशेब स्पष्ट होईल. समजा, भूखंड ६०० चौरस मीटरांचा, म्हणजे सुमारे ६,४५० चौरस फुटांचा आहे. निर्देशांक तीन धरल्यास सुमारे १९,३५० चौरस फूट बांधकाम होईल. इमारतीत ४० भाडेकरू असतील, तर प्रत्येकी ३०० चौरस फूट याप्रमाणे १२,००० आणि भिंती धरून सुमारे १४,००० चौरस फूट त्यांच्यासाठी लागेल. विक्रीसाठी सुमारे ५,००० चौरस फूट उरेल. पण त्याच भूखंडावर ८० भाडेकरू असतील, तर त्यांच्यासाठीच २८,००० चौरस फूट हवे. प्रोत्साहनपर क्षेत्र मिळवल्यावर इमारत इतकी उंच व जाड होते की, शेजारच्या इमारतीशी अंतर राहत नाही आणि खालच्या मजल्यांना उजेड मिळत नाही. रुंद रस्त्यावरील, कमी भाडेकरूंच्या इमारतींचा पुनर्विकास आधी झाला आणि आतल्या गल्लीतील सर्वांत दाट इमारती मागे राहिल्या, याचे कारण या हिशेबात आहे. ज्यांची निकड सर्वांत अधिक, त्यांच्यापर्यंत ही योजना सर्वांत उशिरा पोहोचते.

मागे राहिलेल्या इमारतींची किंमत माणसांच्या जीवाने मोजावी लागली आहे. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातील हुसैनी इमारत कोसळून ३३ जण मृत्युमुखी पडले. १६ जुलै २०१९ रोजी डोंगरीत आणि बरोबर एक वर्षाने, १६ जुलै २०२० रोजी, फोर्ट भागात अशाच दुर्घटना घडल्या. हुसैनी इमारत रिकामी करण्याच्या सूचना पूर्वीच देण्यात आल्या होत्या. काही कुटुंबे हललीही होती. काही मात्र तेथेच राहत होती. धोका दिसत असूनही माणूस घर का सोडत नाही, याचे उत्तर संक्रमण शिबिरांच्या इतिहासात शोधावे लागते. एकदा बाहेर पडलो की परत येऊ, ही खात्री त्याला वाटत नाही.

समूह विकासाचे दोन प्रयोग

एकेका अरुंद भूखंडावर सुटत नसलेला प्रश्न अनेक भूखंड एकत्र करून सोडवावा, या विचारातून समूह पुनर्विकासाचे धोरण पुढे आले व २००९ मध्ये ते अधिक व्यापक करण्यात आले. भेंडी बाजारातील सुमारे साडेसोळा एकरांवरील अडीचशे इमारतींचा पुनर्विकास हा त्यातील पहिला मोठा प्रयोग होय. दाऊदी बोहरा समाजाच्या न्यासाने तो हाती घेतला. रहिवाशांना आधी संक्रमण निवासात हलवून टप्प्याटप्प्याने इमारती बांधण्यात येत असून, पहिल्या टप्प्यातील मनोरे २०२० मध्ये पूर्ण झाले. निवासाबरोबर शेकडो दुकानांचे पुनर्वसनही यात करावयाचे असल्यामुळे, बाजारपेठेच्या वस्तीचा व्यवसाय कसा टिकवावा याचा हा वस्तुपाठ ठरतो.

दुसरा प्रयोग बी.डी.डी. चाळींचा. शासनाच्या जमिनीवरील वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील १९५ चाळींचा पुनर्विकास म्हाडामार्फत करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला आणि २०१७ मध्ये भूमिपूजन झाले. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात त्याच ठिकाणी ५०० चौरस फुटांचे घर, असे त्याचे स्वरूप आहे. पात्रता, संक्रमण काळातील निवास आणि घराचा करार यांबाबत रहिवाशांनी अनेक हरकती घेतल्या व त्यावर दीर्घ वाटाघाटी झाल्या. वरळी येथील पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या १४ ऑगस्ट २०२५ रोजी देण्यात आल्या. भूमिपूजनापासून पहिल्या किल्लीपर्यंत आठ वर्षांहून अधिक काळ गेला. जमीन शासनाची व भूखंड प्रशस्त असतानाही एवढा अवधी लागतो, हे ध्यानात घेतल्यास खाजगी, विभागलेल्या भूखंडांवरील अडचणींची कल्पना येते.

पुनर्विकासाची कसोटी

जनगणनेचे आकडे या सर्व घडामोडींवर वेगळाच प्रकाश टाकतात. १९७१ मध्ये मुंबई बेटाची लोकसंख्या ३०,७०,३७८ होती. २०११ मध्ये ती ३०,८५,४११ म्हणजे जवळजवळ तेवढीच होती. याच चाळीस वर्षांत उपनगरांची लोकसंख्या सुमारे २९ लाखांवरून सुमारे ९३ लाख ५७ हजारांवर गेली. शहराची वाढ बाहेरच्या अंगाने झाली. अंतर्भागाचा प्रश्न त्यामुळे वाढत्या लोकसंख्येचा फारसा नाही. आहेत त्या माणसांना आहे त्या जागी सुरक्षित ठेवण्याचा आहे.

म्हणूनच, मूळ रहिवाशांपैकी किती जण परत आले आणि दहा वर्षांनंतरही तेथे राहत आहेत, ही कोणत्याही पुनर्विकासाची खरी कसोटी मानली पाहिजे. चाळीतील कुटुंबाला पूर्वी अल्प भाडे द्यावे लागे. उंच इमारतीत उद्वाहन, पाण्याचे पंप, अग्निशमन यंत्रणा आणि मालमत्ता कर यांचा खर्च दरमहा येतो. त्यासाठी स्थायी निधीची तरतूद नसेल, तर विनामूल्य मिळालेले घरही विकावे लागते. दुसरीकडे, देखभाल न झाल्यास नवी इमारतही लवकर जुनी होते. दुरुस्ती मंडळाने काही दशकांपूर्वी पुनर्रचित केलेल्या लहान गाळ्यांच्या इमारतींचाच आता पुन्हा पुनर्विकास करावा लागत आहे, ही वस्तुस्थिती पुरेशी सूचक आहे.

दस्तऐवजांचेही महत्त्व तेवढेच आहे. पुनर्विकासात घर मिळते ते पात्र ठरलेल्या भोगवटादाराला. आणि पात्रता ठरते ती भाडेपावती, वीजदेयक, मतदार यादीतील नोंद यांसारख्या पुराव्यांवरून. गावकऱ्यांनी सामाईक घेतलेल्या खोलीची भाडेपावती गावच्या मंडळाच्या नावे आहे की पन्नास वर्षांपूर्वी वारलेल्या एखाद्या गृहस्थाच्या नावे आहे, यावर संपूर्ण गावाचा मुंबईतील आसरा टिकणे अवलंबून राहते. ज्या गावांच्या अशा खोल्या अद्याप आहेत, त्यांनी मंडळाची नोंदणी, पावत्या आणि सभासदांच्या याद्या वेळीच अद्ययावत करून घेणे हितावह ठरेल.

इतर शहरांना व गावांना बोध

महाराष्ट्रातील अनेक जुन्या शहरांचे गावठाण आज मुंबईच्या अंतर्भागाच्याच वाटेने जात आहे. शहरालगतच्या गावांतही अरुंद बोळांच्या कडेने चार-चार मजली घरे उभी राहत आहेत. रस्त्याची रुंदी आणि दोन घरांतील अंतर आज राखले नाही, तर पन्नास वर्षांनी ते मिळवण्यासाठी घरे पाडावी लागतात, हे मुंबईने मोठी किंमत देऊन शिकलेले सत्य आहे. बांधकाम परवानगी देताना पुढील व बाजूचे अंतर काटेकोरपणे पाळणे, मालक व भोगवटादार यांच्या नोंदी अचूक ठेवणे, जुन्या घरांची पावसाळ्यापूर्वी पाहणी करणे आणि सामाईक इमारतीसाठी दुरुस्ती निधी पहिल्या दिवसापासून साठविणे, ही कामे स्थानिक संस्थांच्या आवाक्यातील आहेत. त्यांना मोठा खर्च येत नाही. सातत्य मात्र लागते.

मुंबईच्या जुन्या वस्त्यांत आजही हजारो कुटुंबे टेकू दिलेल्या छपराखाली पावसाळा काढतात. त्यांना घर रिकामे करण्याची सूचना देताना, ते कोठे राहतील, किती काळ राहतील आणि कोणत्या घरात परत येतील, हे लेखी व विश्वासार्ह रीतीने सांगता आले, तर सूचनेचे पालन होण्यास आणि प्राणहानी टळण्यास मोठी मदत होईल. तो विश्वास निर्माण करणे हे पुनर्विकासाचे पहिले बांधकाम होय. बाकीचे मजले त्यावरच उभे राहावयाचे आहेत.